ऊन पाठीचं कासव

"देव दिसला की आधी हात जोडायचे, मथुरा. चष्मा मागाहून शोधायचा."

सासूबाईंचं हे सांगणं पस्तीस वर्षं मथुराच्या कानात होतं. लग्नाला आठवडाही झाला नव्हता. देवळाच्या पायरीवर उभी राहून ती पिशवीत चष्मा चाचपत होती आणि मागे बायकांची रांग खोळंबली होती. तेव्हा सासूबाई हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं हे बोलल्या होत्या. त्या गेल्या त्यालाही आता बारा वर्षं झाली. मथुरानं मात्र तो नेम मोडला नाही. समोर काळंसावळं, तेलानं चकचकणारं काही दिसलं आणि जवळ दिवा असला, की तिचे हात आपोआप जुळायचे.

त्या सोमवारी तर चष्मा पिशवीतही नव्हता. शनिवारी त्याची दांडी निखळली होती आणि दुकानदारानं मंगळवार सांगितला होता. नवऱ्यानं, धोंडूनं, तिला स्कूटरवरून एमआयडीसीतल्या लेकीच्या पत्र्याच्या शेडसमोर उतरवलं.

"मी दाढी करून येतो, तासाभरात," तो म्हणाला. "लेकीचं कौतुक कर जरा. नाहीतर निदान गप्प तरी बस."

"मी गप्पच असते."

"तेच तर म्हणतोय," असं म्हणून धोंडूनं स्कूटर वळवली.

मथुरा शेडच्या दाराशी आली. सकाळी देवळातून परस्परच निघाल्यामुळे तिच्या हातात द्रोण होता. द्रोणात दोन तगरी, एक जास्वंद आणि कुंकवाची पुडी. आत कुठेतरी यंत्र किरकिरत होतं आणि ठिणग्यांचा पांढरा-निळा धूसर झोत दिसत होता. अलीकडे, दाराच्या तोंडाशीच, भिंतीतल्या कोनाड्यात लाल दिवा मिणमिणत होता. आणि कोनाड्यासमोर, देवळात असावं अगदी तिथेच, जमिनीवर कासव होतं. चांगलं तीन हात लांब. काळंभोर, तेल पाजलेलं.

बरं वाटलं तिला. म्हणजे पोरीनं इथे देव मांडलाय तर.

ती वाकली. कासवाच्या पाठीवर कुंकवाचं बोट ओढलं, जास्वंद मधोमध ठेवलं, दोन्ही बाजूंना तगरी. मग गुडघे टेकून कपाळ पाठीला लावलं.

कासव ऊन होतं.

उन्हात तापलेल्या दगडाची ऊब वेगळी आणि ही वेगळी. ही आतून येत होती. झोपलेल्या मुलाच्या कपाळाला हात लावावा तशी. मथुराचं कपाळ तिथेच राहिलं. काही मागायचं तिला सुचलंच नाही. "जागा आहेस रे बाबा," एवढंच ती पुटपुटली.

मागे यंत्र थांबलं होतं.

"आई?"

तिनं वर पाहिलं. अक्षया तोंडावरची वेल्डिंगची काच वर सरकवून उभी होती. तिच्या मागे हातात ग्राइंडर घेतलेला तिचा मदतनीस बाळा. नाव बाळा असलं तरी वय पंचावन्न. पालीचा माणूस, मुंबईच्या गोदीत तीस वर्षं वेल्डिंग करून आलेला. दोघंही पुतळ्यासारखी उभी.

"वयनी," शेवटी बाळाच बोलला, "ता कासव देवाचा नाय हो. ता बसायचा हाय."

"बसायचं म्हणजे?"

"म्हणजे बूड टेकायचा," बाळानं ग्राइंडर खाली ठेवून हातानं दाखवलं. "हाटेलच्या अंगणात. लोकं येतील, चा पितील, पाय वर घेऊन बसतील."

मथुरा उठली. उठताना हात त्याच पाठीवर टेकवावा लागला आणि तो हातही तिनं चटकन काढून घेतला. आता तिला जवळून दिसलं. पाठीवर खवले म्हणून बसवलेले जुने तवे आणि क्लचच्या गोल चकत्या. कडेनं मोटरसायकलची साखळी. पुढचे पाय म्हणजे मच्छीमार होडीच्या पंख्याची पाती, समुद्रानं खाऊन पातळ झालेली. डोक्याच्या जागी पाण्याच्या पंपाचं तोंड. आणि कोनाड्यात विश्वकर्म्याचा फोटो होता खरा, पण त्याच्या शेजारी चहाचे पेले आणि मोबाइलचा चार्जर.

"आत्ताच घासून तेल मारलंय, म्हणून गरम असेल," अक्षया म्हणाली. तिच्या आवाजात हसू दाबलेलं होतं, आणि हसण्याखाली आणखी काहीतरी होतं. "आई, तुला देव वाटला तो?"

मथुरा काही बोलली नाही.

ती कधीच काही बोलली नव्हती. दोन वर्षांपूर्वी अक्षयानं बँकेतली नोकरी सोडली आणि भंगारातून वस्तू करणार म्हणून ही शेड भाड्यानं घेतली, तेव्हा धोंडूनं चांगला दोन दिवस आरडाओरडा केला आणि तिसऱ्या दिवशी स्वतः तिला लोखंड पकडायचा जुना वाइस आणून दिला. तो बोटीवर इंजिनरूमला काम केलेला माणूस. लोखंडाशी त्याचं भांडण फार काळ टिकत नसे. मथुरा भांडली नाही. ती रोज डबा भरून द्यायची, पोरीचे जळके कपडे धुवायची, भाजलेल्या बोटांना कोरफड लावायची. पण "कसं चाललंय" असं तिनं एकदाही विचारलं नाही. दुसऱ्यांच्या घरातून निघालेलं, गंजलेलं, टाकून दिलेलं लोखंड हाताळणं तिच्या मनाला पटत नव्हतं, आणि न पटणारं बोलून दाखवायची तिला सवय नव्हती. अक्षया मोठ्या वस्तू पूर्ण झाल्या की म्हणायची, "आई, एकदा येऊन बघ." मथुरा म्हणायची, "बघू." असं करत दोन वर्षं गेली. हे कासव म्हणजे पहिलीच मोठी मागणी, आंजर्ल्याच्या सुजयच्या घरगुती हॉटेलसाठी. बुधवारी ते जाणार होतं. म्हणून काल रात्री जेवताना अक्षया एवढंच म्हणाली होती, "बुधवारनंतर ते दिसणार नाही हां."

आणि आता आल्या आल्या मथुरानं हे करून ठेवलं.

अक्षयानं तिला शेड दाखवली. पान्यांची केलेली घार, सायकलच्या चेनचा नारळाचा झाप, अर्धवट राहिलेला एक बगळा, त्याचा पाय म्हणजे सळई. मथुरा "हं, हं" करत फिरली. पण मान सारखी दाराकडे वळत होती. कासवाच्या पाठीवर जास्वंद लालभडक दिसत होतं, चष्म्याशिवायसुद्धा.

"काय झालं, आई?"

"देवळातल्या गुरुजींना फोन लाव गो जरा. मला आकडे दिसत नाहीत."

अक्षयानं फोन लावून स्पीकर चालू केला. गुरुजी कुठल्यातरी रस्त्यावर होते, मागे एसटीचा भोंगा वाजत होता. मथुरानं सगळं सांगितलं. कुंकू किती, फूल कुठलं, हेही सांगितलं.

"प्राणप्रतिष्ठा केलीत का?"

"नाही हो. मला कुठे येते ती?"

"मंत्र म्हटलात?"

"नाही. फक्त डोकं टेकलं."

"मग कसली काळजी, वहिनी? पुसून टाका. पूजा झालीच नाही असं समजा. बसूदे लोकांना खुशाल." एसटी निघाली असावी, कारण फोन कटला.

बाळा मोठ्यानं हसला. "बरा झाला! मी म्हनलं आता ह्या कासवाला देऊळ बांधायला लागतंय."

अक्षया हसली नाही. तिनं फळीवरचं फडकं उचललं, थिनरच्या बाटलीत बोळा बुडवला आणि कासवाशी जाऊन बसली. "चला, पुसून टाकू," ती म्हणाली. "झालीच नाही ना. चुकून झालं."

शब्द साधेच होते. पण मथुराला पोरीचा चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज ऐकू येत होता, आणि तो आवाज तिला ओळखीचा होता. चौथीत असताना अक्षयानं मातीचा उंदीर केला होता गणपतीपुढे ठेवायला. मखराच्या घाईत मथुरानं तो चिखलाचा गोळा समजून उचलून परसात टाकला. तेव्हाही पोर रडली नव्हती. "असूदे, चुकून झालं," असंच म्हणाली होती, अगदी ह्याच आवाजात.

"थांब गो बाय."

अक्षयाचा हात थांबला. थिनरचा एक थेंब जमिनीवर पडला.

"गुरुजी तिथे नव्हते," मथुरा म्हणाली. "डोकं मी टेकलंय. झालीच नाही असं मी कसं म्हणू?"

"अगं, पण तुझ्याकडे चष्मा नव्हता. तुला देवळातलं कासव वाटलं. चष्मा असता तर तू हात जोडले असतेस का? खरं सांग."

मथुरानं खरं तेच सांगितलं. तिला दुसरं येत नव्हतं. "नसते जोडले. दारातून बघितलं असतं, मनात म्हटलं असतं तवे दिसतायत, आणि बाजूनं आत आले असते."

"मग?"

"मग काय! दोन वर्षं मी चष्मा लावूनच बघत होते ना तुझ्याकडे." ती हळूहळू खाली बसली, लेकीच्या शेजारी, लोखंडाच्या किसावर पातळ पसरून. "अक्षू, माझं कपाळ लागलं ना त्याला, तेव्हा ते मला जिवंत वाटलं. खोटं नाही सांगत. मी इतकी वर्षं देवळात जाते, दगडाच्या कासवाला शिवते. ते थंडच असतं. हे जागं होतं. मी काही मागायचंसुद्धा विसरले."

अक्षयानं फडक्यानंच नाक पुसलं आणि थिनरचा वास नाकात जाऊन सटासट तीन शिंका दिल्या.

"रडायचा तर पदरान पूस," बाळा म्हणाला. "त्यात थिनर हाय, शहाने." आणि तो उगाचच मागच्या बाजूला जाऊन सळया मोजू लागला.

कुंकू पाठीवर राहिलं. पण त्यामुळे नवीच अडचण उभी राहिली, आणि ती मथुरालाच आधी दिसली. पूजा झाली असं धरलं, तर त्यावर कुणाचं बूड आणि कुणाचे पाय कसे चालतील? आणि नाही म्हणावं, तर पोरीची पहिली मोठी मागणी हातची जाते.

"मुलं बसली तर काही नाही," ती स्वतःशीच हिशेब लावत होती. "मुलाचा पाय तो काय पाय! पण मोठी माणसं... चपला घालून..."

"पाटी लावू का? 'फक्त दहा वर्षांखालील'?" अक्षया म्हणाली. "आई, मी सुजयला सरळ सांगते. लपवून द्यायचं नाही मला."

तिनं तिथेच फोन लावला. सुजयचा आवाज तरुण होता, घाईतला. आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं तेव्हा तो हसला, आणि मग हसायचं थांबला.

"अक्षयाताई, शुक्रवारपासून पाहुणे यायचेत माझे. अंगणात बसायला म्हणून तर सांगितलेलं मी. आता पूजा झालेलं म्हणताय, तर माझी आई त्यावर मांजराला बसू देणार नाही." पलीकडे कुणाशी तरी बोलणं झालं. बाईचा चढा आवाज आला, मग भांड्यांचा. सुजय परत फोनवर आला. "आई म्हणते, उंबऱ्यासमोर तुळशीकडे तोंड करून ठेवू. तिला आवडलंय. पण एक अट आहे तिची. ज्या हातानं पूजा झाली त्याच हातानं ते आमच्याकडे बसवून द्यायला पाहिजे. त्या काकू आल्या तर कासव आमचं. बसायला दुसरं काहीतरी द्या, पुढच्या महिन्यात चालेल. आणि काकूंना जमणार नसेल तर मग... मग आपण हे राहूच देऊ."

"कळवते," म्हणून अक्षयानं फोन ठेवला.

मागून बाळाच म्हणाला, "बसायला कुर्ली करू. दहा पायाची. चांगली ऐसपैस बसतील."

"खेकडा करू," अक्षया म्हणाली.

"पन वयनींना आधीच सांगून ठेव, ती कुर्ली हाय म्हनून."

मथुरासुद्धा हसली. पण हसता हसता तिनं लेकीकडे पाहिलं. अक्षया पंपाच्या तोंडावरून, म्हणजे कासवाच्या डोक्यावरून, अंगठा फिरवत होती.

"तुला नाही जमणार, आई. मला माहितेय," ती म्हणाली. "मी सांगते त्यांना काहीतरी. तू मनाला लावून घेऊ नकोस."

का जमणार नाही, ते दोघींनाही ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी धोंडूच्या बोटीचा सोळा दिवस पत्ता नव्हता. तेव्हा मथुरानं गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दत्ताला बोलून ठेवलं होतं, की माणूस सुखरूप घरी येऊदे, मी रोज सकाळी तुझं दर्शन घेतल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घालणार नाही. माणूस आला. नेम सुरू झाला. तापात, पावसात, गुडघ्याच्या दुखण्यात एक सकाळ चुकली नव्हती. भाचीच्या लग्नाला चिपळूणला गेली ती जेवून संध्याकाळी परत. अकरा वर्षांत मांडवीतल्या घराबाहेर एक रात्र तिनं काढली नव्हती. आणि आंजर्लं म्हणजे पहाटे निघायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं.

"बुधवारी टेंपो किती वाजता निघतो?" मथुरानं विचारलं.

"पाचला. का?"

"देऊळ साडेसहाला उघडतं," मथुरा म्हणाली, जणू कुणी दुसऱ्यानं विचारल्यासारखं. मग थोडं थांबली. "येते मी. सुजयच्या आईला सांग."

"आई, अगं नेम—"

"येते म्हटलं ना. शब्द दिला तुला."

धोंडू गुळगुळीत दाढी करून आला तेव्हा बाळानं त्याला दारातच गाठून सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. परतताना स्कूटरवर तो मागे वळून वळून बोलत होता.

"तव्यांना हळदकुंकू लावलंस म्हणे!"

"समोर बघा तुम्ही."

"मी सव्वीस वर्षं इंजिनला तेल घातलं, कधी आमच्या इंजिनाला फूल नाही आणलंस." थोडं पुढे गेल्यावर त्यानं वेग कमी केला. "खरंच जाणारेस? नेमाचं काय?"

"बघेन."

"मी जाईन की तुझ्या बदली. दोन दिवस. आंघोळ करून, उपाशीपोटी, सगळं नीट."

"बदली चालत नाही. ती काय तुमची बोटीवरची ड्युटी आहे?"

"अगं, पण नेम माझ्यासाठीच होता ना? मी आलोय. अकरा वर्षं समोर बसून जेवतोय. दत्तालाही दिसत असेल."

मांडवीच्या वळणावर नेहमी सीटची कड धरणारा हात मथुरानं त्याच्या खांद्यावर ठेवला.

मंगळवार तिनं चकल्या तळण्यात घालवला. रिकाम्या हातानं कुणाच्या उंबऱ्याशी जायचं नसतं. चष्मा आला. संध्याकाळी अक्षया दोनदा म्हणाली, "अजून नाही म्हणालीस तरी चालेल हां." दोन्ही वेळा मथुरानं चकलीचा सोऱ्या फिरवत मान हलवली. मथुरा झोपली तेव्हा अक्षया शेडवर टेंपो भरायला गेली होती. पहाटे तो गल्लीच्या टोकाला येऊन थांबणार होता.

बुधवारी साडेचारला मथुरा उठली. थंड पाण्यानं आंघोळ केली, घरच्या देवांना फूल वाहिलं. धोंडू तोंड उघडं टाकून झोपला होता. त्याच्यासाठी पेज झाकून ठेवली, वर लोणच्याची वाटी. चहाचं आधण तिनं ठेवलंच नाही. घसा कोरडा पडला होता. माठाजवळून जाताना तिनं तिकडे बघितलं आणि पुढे झाली.

दाराची कडी आवाज न होऊ देता ओढून घेतली. गल्लीत अजून उजाडायचं होतं. समुद्राचा वारा येत होता आणि कुणाच्या तरी ओसरीवर वाळत घातलेली बोंबलांची माळ सारखी हलत होती. दत्ताच्या देवळाला कुलूप होतं. जाळीतून आतलं काहीच दिसत नव्हतं. ती पायरीशी उभी राहिली.

"आज थांबायला वेळ नाही रे," ती अगदी हळू म्हणाली, शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये इतकी हळू. "आज आणि उद्या दर्शन चुकतंय. तुझं राहिलेलं मी आल्यावर फेडेन, तू म्हणशील तसं. पण पोरीला मी दोन वर्षं नुसतं 'बघू' म्हटलंय. ते पहिलं फेडूदे."

आतून उत्तर यायचं नव्हतंच. तरी ती क्षणभर थांबली. टोकाला टेंपोचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. मथुरानं चकल्यांचा डबा काखेत नीट घेतला, पदर खोचला, आणि देवळाला उजव्या हाताला ठेवून, पावलांचा आवाज न करता, ती टेंपोच्या दिव्यांच्या दिशेनं चालू लागली.